मास्साबांचा कुत्रा जेवेना

खोली दाखवतानाच मास्साब म्हणाले, "उन्हाळ्यात वर राहवत नाही, छत तापतं. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे. जिन्याची वरची पायरी हलते. शेजार चांगला आहे. मी चांगला नाही."

बँकेच्या बदलीवर मी नाशिकहून उज्जैनला आले होते आणि खोल्या बघून बघून वैतागले होते. प्रत्येक घरमालकाने मला दहा बाय बाराची खोली महाल म्हणून दाखवली होती. हा पहिलाच माणूस स्वतःच्या घराची निंदा करत होता. मी लगेच हो म्हटलं. पायरी खरोखरच हलत होती, आणि बाकीचंही त्यांनी सांगितलं तसंच निघालं.

मास्साब म्हणजे मास्टरसाहेब. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, अंगाने चिपाड. बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. माधव नगरातल्या आमच्या गल्लीत मराठी, मालवी, सिंधी सगळे त्यांना मास्साब म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. हा माणूस खोटं बोलत नसे. असं नुसतं सांगितलं की मोठा गुण वाटतो. त्यांच्या घरात भाड्याने राहून बघावं.

कोपऱ्यावरच्या नमकीनवाल्याकडे चार गिऱ्हाइकं उभी असताना ते खड्या आवाजात सांगत, "भिया, आज सेव खोरी है, तेल बदलो." आणि पुन्हा तीच खवट सेव पावशेर घेऊन घरी येत, कारण गिऱ्हाइकी सोडणार असं काही ते म्हणालेले नसत. उज्जैनच्या जुन्या मराठी घरांत दोन चहा झाले की कुणाचे ना कुणाचे पूर्वज दरबारात दिवाण निघतातच. मास्साब म्हणत, "आमचे दिवाण नव्हते. दिवाणांच्या घोड्यांना हरभरा घालायचे. त्यातला थोडा घरी आणायचे." नात्यातल्या लग्नाच्या पत्रिका त्यांना लग्न झाल्यावर पोचत आणि सगळे पोस्टाला शिव्या देत. मी एकदा हौसेने पोहे करून खाली नेले. बशी चाटूनपुसून संपवली आणि मग म्हणाले, "पोहे भिजवतात. तुम्ही बुडवलेत."

कुणी चिडलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "खरं गिळवत नसेल तर वर पाणी प्या." मी बँकेत त्यांचे किस्से सांगायची. दुपारच्या डब्याला ते लोणच्यासारखे पुरत.

त्यांनी एक कुत्रा पाळला होता. पाळला म्हणजे तो पिल्लू असताना एका पावसात फाटकातून आत आला आणि मग गेला नाही. आता म्हातारा झालेला, तपकिरी, एक कान कायमचा पडलेला. मास्साबांनी त्याचं नाव कुत्रा ठेवलं होतं. "वाघ्या म्हटल्यानं काय वाघ होणार आहे?" असं त्यांचं म्हणणं. गल्लीतले लोक त्याला शेरू म्हणत आणि तो दोन्ही हाकांना ओ देई. रोज दुपारी मास्साब ओट्यावर ताट घेऊन बसत, शेजारी कुत्र्याची जर्मनची थाळी. पहिला घास मास्साब स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात देत, तेव्हा तो उरलेलं खायला लागे. हाताने घास मिळाल्याशिवाय थाळीला तोंड लावत नसे.

एप्रिल संपता संपता कुत्र्याच्या तोंडाला घाण वास यायला लागला. भाकरीचा तुकडा तो एका बाजूने चघळे आणि मध्येच टाकून देई. एक दिवस थाळीत रक्त दिसलं. मास्साबांनी त्याला ई-रिक्षात घालून नानाखेड्याच्या बाजूच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रविवार होता म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी कार्ड लिहायला घेतलं.

"नाम?"

"कुत्ता."

"मास्साब, नाम पूछ रहा हूँ, जात नहीं."

"यही नाम है."

डॉक्टर हसले, पण तोंड उघडून आत टॉर्च मारल्यावर हसायचे थांबले. मागच्या दाढा मुळापासून सडल्या होत्या, हिरडीत पू झाला होता. दोन दिवसांनी भूल देऊन त्या काढायचं ठरलं. सुई टोचताना मास्साबांनीच त्याला घट्ट धरून ठेवलं. तो त्यांच्याकडे बघत बघत झोपला, असं त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. एरवी कुत्र्याबद्दल ते असं काही सांगत नसत.

घरी आणल्यावर त्याला भैरवगढच्या छापाची एक जुनी चादर अंथरून दिली. हिरड्यांना टाके होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की टाके विरघळेपर्यंत सगळं मऊ द्यायचं, गरम नको, थंडगार नको, हाड नको, भाकरीचा तुकडाही नको. पोटात अन्न गेल्यावर गोळी. मास्साबांनी मुगाच्या डाळीची गुरगुट खिचडी केली, मीठ न घालता, लाल भोपळा कुस्करून. आणि तीच स्वतःच्या ताटातही वाढून घेतली. "त्याच्यासमोर मी चटणी-भाकरी खाऊ?" मला म्हणाले. पहिला दिवस बरा गेला. कुत्र्याने त्यांच्या बोटांवरून थोडी खिचडी चाटली. अडलं ते गोळीपाशी. गोळी कडू जहर होती आणि तो ती थुंकून टाकी.

मीच सुचवलं, मऊ माव्यात लपवून द्या, आमच्याकडे सगळे असंच करतात. मास्साब म्हणाले, "म्हणजे फसवायचं." मी म्हटलं, "औषध आहे मास्साब, विष नाही." त्यांनी बराच वेळ विचार केला. मग फ्रीगंजच्या बाजारात जाऊन ताजा मावा आणला, गोळी आत ठेवून लाडू वळला आणि हात पुढे केला. कुत्र्याने शेपूट हलवत तो तोंडात घेतला. नेमका दुखऱ्या बाजूला गेला. गोळी फुटली असणार. तो असा कळवळला की मी जिन्यातून खाली धावले. मावा, लाळ, थोडं रक्त, सगळं चादरीवर पडलं होतं. कुत्रा भिंतीला चिकटून उभा होता आणि मास्साबांच्या हाताकडे बघत होता. गुरगुरत नव्हता, नुसता बघत होता.

त्यानंतर तो मास्साबांच्या हातचं खाईना. खिचडी केली, दहीभात केला, दलिया शिजवून गाळून दिला. हात पुढे आला की तो मान फिरवी. थाळी ठेवून मास्साब बाजूला झाले तरी तिला तोंड लावत नसे, कारण पहिला घास हातानेच घ्यायची त्याची सवय. मी भरवून पाहिलं, माझ्याकडे तर तो पाठच करी. दोन दिवस तो नुसतं पाणी प्यायला, तेही मास्साब आत गेल्यावर. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की गोळीऐवजी पातळ औषध देतो, पण खाणं पोटात जायलाच हवं. या वयात उपाशी राहिला तर सलाइन लावूनही भरवसा नाही.

मला अपराधी वाटत होतं. मी तसं म्हणाले. मास्साब म्हणाले, "सल्ला तुमचा होता. हात माझा होता." आणि ओट्यावर बसून राहिले. समोर त्यांचंही ताट तसंच होतं.

कुत्रा कुणाच्या हातचं खाईल हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गच्चीतून दिसलं. मागच्या बाजूला मास्साबांचं आणि शेजारचं अंगण यांच्यामध्ये बुटकी भिंत आहे, तिला एक खिंडार आहे. कुत्रा लडखडत त्या खिंडारापाशी जाऊन बसला होता. पलीकडे शेजारच्या वहिनी भांडी घासायला आल्या होत्या. त्यांनी हात पुसले, आतून वाटीत काहीतरी आणलं आणि बोटांवर घेऊन त्याच्यापुढे धरलं. दोन-तीनदा त्याने ते चाटलं. मग पुढच्या दारातून कुणीतरी हाक मारली, त्या उठून गेल्या आणि कुत्रा तिथेच बसून राहिला.

आता या वहिनींचं सांगायला हवं. साठीच्या आतल्या बाई, चुणचुणीत, कपाळावर कुंकू नाही. त्यांचे यजमान वीज खात्यात होते आणि काळभैरवाचे भक्त होते. दर रविवारी न चुकता देवाला जात. तिथे देवाला दारूचा नैवेद्य असतो, हे उज्जैनमध्ये कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. देवाला थोडी चढवायची, बाकीची बाटली प्रसाद म्हणून परत मिळते. यजमानांचा हा प्रसाद पुढे पुढे रविवारपुरता राहिला नाही. ते गेले तेव्हा घरच्यांनी पीलिया, म्हणजे कावीळ, झाली होती असं सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. अशा वेळी माणसं मानतातच.

मग शोकसभा झाली. एकेक जण उठून म्हणत होता, काय भक्ती होती, रविवार कधी चुकवला नाही. मास्साब उठले आणि म्हणाले, "भक्ती होती हे खरं. पण देवाला बोटभर चढवून उरलेली बाटली हे रोज स्वतः संपवत होते. त्यातच गेले. पीलिया वगैरे काही नाही. त्यांचा तरुण मुलगा समोर बसला आहे. त्याला आज कुणी हे सांगणार नसेल तर कधी सांगणार?" सभेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलगा उठून बाहेर गेला. पुढे त्याने पुण्यात नोकरी धरली आणि घरी येणं जवळजवळ सोडलं. वहिनींनी त्या दिवसापासून मास्साबांशी बोलणं बंद केलं. मी उज्जैनला आले ती यानंतर. मला हे सगळं गल्लीत विनोद म्हणून सांगितलं गेलं होतं, 'अपने मास्साब तो शोकसभा में भी...' असं. आणि मी ते तसंच ऐकलं होतं.

मी खाली जाऊन मास्साबांना खिंडारापाशी काय पाहिलं ते सांगितलं. ते उठून आत गेले. शर्ट बदलून आले. "चला," म्हणाले, "बोलेन मी. तुम्ही नुसत्या बरोबर या."

वहिनींनी दार उघडलं. मास्साब पायरीखाली उभे. ज्या माणसाला उत्तर सापडलं नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं, तो, "वहिनी, कुत्रा..." एवढंच म्हणाला. मग घसा खाकरला. मग चपलेकडे बघायला लागला. मला वाटलं आता काहीतरी पुढे येईल. आलं ते असं, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"ते नाही," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "शेरूचं काय ते सांगा."

शेवटी मीच सगळं सांगितलं. म्हातारा माणूस शेजारी शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे न बघता बोलायची माझी धडपड चालली होती. वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जनावराचा काय कसूर. येऊन जाईन मी दुपारी. पण पहिलेच सांगून देते, हे घरात नाही पाहिजेत. मला ह्यांचं तोंड नाही बघायचं."

"नसेन," मास्साब म्हणाले.

दुपारी त्यांनी खिचडी केली, निववली, वाटीत काढली, शेजारी औषधाची बाटली ठेवली, आणि वहिनींचं फाटक वाजताच बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले. मे महिन्यातली दुपार. समोरच्या घराला छज्जा आहे, त्याखाली उभं राहता आलं असतं. ते आमच्याच फाटकाला लागून उन्हात उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "इथून तो खातोय की नाही ते ऐकू येतं."

कुत्र्याने खाल्लं. वहिनी जमिनीवर मांडी घालून बसल्या, "खा रे शेरू, खा बेटा, इतका रुसून नाही बसायचं," असं पुटपुटत बोटाने थोडी थोडी खिचडी त्याच्या जिभेवर लावत राहिल्या. अर्धी वाटी संपली. औषध त्यांनी चमच्याने गालाच्या कडेने सोडलं. निघताना फाटकातून त्यांनी मास्साबांकडे बघितलं नाही आणि मास्साब जमिनीकडे बघत राहिले. असं रोज सुरू झालं. मी जेवणाच्या सुट्टीत बँकेतून घरी येऊ लागले, कारण एकट्या घरात येणं वहिनींना बरं वाटत नव्हतं.

पण दुपार झाली तरी गल्ली काही रिकामी नसते. त्या आठवड्यातच एका दुपारी फाटकापाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मास्साबांचा कुणी जुना विद्यार्थी असावा. भरपूर मोठा आवाज होता.

"अरे मास्साब! इत्ती धूप में बाहर काय को खड़े हो? घर से निकाल दिया क्या किसी ने?"

वहिनींचं बोट कुत्र्याच्या तोंडापाशी थांबलं. मलाही कळलं की आता काय होणार. हा माणूस विचारलेल्याचं उत्तर देणारच, आणि खरं देणार. आत कोण आहे ते सांगेल. तुम्ही बाहेर का, ते सांगेल. मग ते कशामुळे, ते सांगेल. वहिनींचे यजमान, बाटली, पीलिया, सगळं पुन्हा भर रस्त्यात येईल, आणि संध्याकाळी नमकीनच्या दुकानापर्यंत पोचेल. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. शोकसभेत तो कसा झाला असेल ते मला त्या क्षणी कळलं, आणि बँकेत डबा खाताना मी हा किस्सा किती रंगवून सांगितला होता तेही आठवलं.

बाहेर फाटकाची सळई खडखडली.

"कुछ नहीं," मास्साब म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "धूप सेंक रहा हूँ."

"मई में?"

"हाँ. वो... डॉक्टर ने बोला है."

"कौन डॉक्टर ने बोल दिया मास्साब?"

"है एक. तू जा."

स्कूटर गेली. वहिनी आपल्या बोटाकडे बघत होत्या, कुत्रा ते चाटत होता. मग त्या मला म्हणाल्या, पण फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "ज्याला येत नाही त्यानं खोटं नाही बोलायला पाहिजे." थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाल्या, "सांगून द्या त्यांना, आत येऊन जा म्हणावं. उन्हाची लू लागून जाईल."

मी फाटकाशी गेले. मास्साबांनी फाटकाची सळई धरली होती. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि तो काही नुसत्या उन्हाने नव्हे.

"ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं. आत या म्हणाल्यात."

त्यांनी मान हलवली. "इतकंच होतं हो," ते म्हणाले. "पीलिया झाला होता, असं म्हणून खाली बसायचं. सगळे तेच म्हणत होते. मला काय जड होतं? मुलाला सांगायचंच होतं तर घरी बोलावून सांगता आलं असतं." मग म्हणाले, "आत नाही येत. आज त्यांच्यासमोर उभं राहण्याची माझी लायकी नाही."

मी उगीचच "पाणी आणू का" म्हटलं. त्यांना ते ऐकूही आलं नसावं.

वहिनी वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटी रिकामी होती, कडेला थोडी खिचडी लागलेली. रोज त्या ती ओट्यावरच ठेवून जात. आज हातात घेऊन आल्या आणि फाटकात मास्साबांसमोर थांबल्या. मास्साबांनी मान वर केली नाही. वहिनींनी वाटी त्यांच्यापुढे धरली.

"उद्या जरा पातळ करा," त्या म्हणाल्या. "घट्ट होती. घोट उतरत नाही त्याला."

"बरं," मास्साब म्हणाले.

त्या आपल्या फाटकात शिरल्या, दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मास्साब दोन्ही हातांत वाटी धरून तसेच उन्हात उभे होते. आत चला असं मी म्हणायला हवं होतं. पण त्यांच्याकडे बघायचीच मला लाज वाटली, आणि मी बँकेला उशीर होतोय असं म्हणून निघून गेले.